साडेतीनची बोट

(टेर्नहोल्म बेटाचा छोटा लाकडी धक्का. जूनमधली दुपार, ऊन आणि वारा. मारेन, तिची सासू गुन्वोर आणि ऑगस्टमध्ये शाळेत जाणारी मारेनची मुलगी तिरिल.)

मारेन: एकतीस.

गुन्वोर: काय एकतीस?

मारेन: शेकोटीच्या जागेपासून पाण्यापर्यंतची पावलं. माझी एकतीस, म्हणजे तिरिलची पन्नास धर. पळत सुटली तर पंधरा सेकंद.

गुन्वोर: आणि न पळता नुसती बसून वॉफल खाल्लं तर?

मारेन: हस तू. उद्या इथे अकरा मुलं येणार आणि मोठी माणसं तीन. अकराला तीनने भाग बघू.

गुन्वोर: भागलं. दोन उरली.

मारेन: तेच तर म्हणतेय मी. ती दोन कोणी बघायची?

तिरिल: आई, आल्या आल्या लगेच माझा पट्टा धरलास. सोड ना. खेकडा येतोय.

मारेन: लाइफ जॅकेटला तो पट्टा असतोच धरण्यासाठी.

तिरिल: पडलं की वर ओढण्यासाठी असतो. मी पडलेच नाहीये, पालथी झोपलेय.

गुन्वोर: मुद्दा बरोबर आहे तिचा.

मारेन: तू तिला फूस लावू नकोस.

गुन्वोर: बरं, नाही लावत. तिरिल, दोरी एवढ्यात ओढू नकोस. शिंपला चिमट्यात घट्ट आहे ना? मग त्याला दोन घास खाऊ दे. तोंडात घास असला की खेकडा काय, माणूससुद्धा सोडून जात नाही.

तिरिल: हा मोठा आहे. ह्याचं नाव मुख्याध्यापक.

गुन्वोर: आपल्या शाळेचे मुख्याध्यापक असेच तिरके चालतात, लक्षात ठेव.

मारेन: गुन्वोर, ती शाळेत जाऊन सांगेल.

गुन्वोर: सांगू दे. मी त्यांना लंगोटात असल्यापासून ओळखते. हं, तर काय ठरलं तुझं?

मारेन: तिरिल येणार की नाही, ते बालवाडीच्या बोदिलला चारच्या आत कळवायचंय. तिला बोटीत जागा सांगायच्या असतात म्हणे.

गुन्वोर: मग कळव. हाताशी फोन आहे, तोंडात जीभ आहे.

मारेन: अजून शौचालय बघायचं राहिलंय.

गुन्वोर: शौचालय बघून ठरवणार?

मारेन: दार आतून अडकलं तर काय करायचं? कडी किती उंचावर आहे, बाहेरून उघडता येते का, हे नको बघायला?

गुन्वोर: मारेन, दर जूनमध्ये शाळेत जाणारी मुलं इथे येतात. एक दिवस, आई-बापांशिवाय. तुझा नवरा आला होता. माझ्या वेळी तर बालवाडी नव्हती, चर्चच्या बाई आणायच्या, वल्ह्याच्या होडीतून. बाई एकटी, आणि तीही अर्धा वेळ मोजे विणत बसलेली.

मारेन: आणि सगळी मुलं परत गेली?

गुन्वोर: बहुतेक.

मारेन: गुन्वोर.

गुन्वोर: सगळी गं. एकाला इथेच ठेवावं असं आमचं म्हणणं होतं, पण बाईंनी ऐकलं नाही.

मारेन: तुझ्या तोर्युसला फोन केला तर तोही हेच म्हणतो. 'जाऊ दे की तिला.' समुद्राच्या मधोमध तेलविहिरीच्या फलाटावर बसून हे म्हणणं फार सोपं असतं. तुम्ही इथली माणसं. तुम्हाला पाणी म्हणजे अंगण. माझ्या गावाला डोंगर आहे, दरी आहे, आणि पाणी म्हणशील तर नळाला.

गुन्वोर: दरीत पोरं पडत नाहीत वाटतं?

मारेन: दरी दिसते तरी. मी जाऊन येते. तिरिल, पट्टा आजीकडे देतेय.

गुन्वोर: दे. धरला. जा.

तिरिल: गेली का?

गुन्वोर: गेली. हा घे तुझा पट्टा.

तिरिल: आजी, आई उद्या मला पाठवणार नाही ना?

गुन्वोर: कोण म्हणालं?

तिरिल: कोणीच नाही. पण बोदिलनी सगळ्यांना कामं वाटली आहेत. सिगुर्द टोप्या मोजणार, ओदिने पिठाचा डबा धरणार. आणि परत येताना दिवा मी लावणार. मी आईला सांगितलंच नाही. सांगितलं तर ती त्या दिव्याच्या खांबाचं पण मोजमाप घेईल.

गुन्वोर: खांब कुठे पळून जातोय? घेऊ दे. बरं, दिवा कशासाठी लावायचा?

तिरिल: दिवा लागला की बोट थांबते. नाही लागला तर बोटीला वाटतं इथे कोणीच नाही.

गुन्वोर: शाबास. साडेतीनच्या बोटीला आता वीस मिनिटं आहेत. उद्याचं उद्या, आज सराव कर. ते लाल बटण, दाब म्हणजे दाब, गुदगुल्या करू नकोस. मी वॉफलचं भांडं वाळूने घासून आणते. नाहीतर सगळी पिशवी लोण्याची होईल.

तिरिल: तू बघणार नाहीस?

गुन्वोर: ती बघ तुझी आई वरून निघाली. तिची नजर असली की देवसुद्धा सुट्टीवर जातो.

तिरिल: लागला! आजी, लागला, चमकतोय!

मारेन: तिरिल. खांबापासून लांब हो आधी. काय चाललंय तिथे?

तिरिल: मी दिवा—

मारेन: वीज आहे त्यात, बेटा. आणि पाय बघ तुझे, ओले. दिवसाढवळ्या दिवा कसला लावून ठेवायचा? सूर्य दहा-दहा वाजेपर्यंत मावळत नाही. थांब, मी बंद करते. हं, झालं.

तिरिल: पण आई, तो—

मारेन: पाण्याजवळ काय नियम आहे आपला?

तिरिल: पाण्याजवळ वाद नाही.

मारेन: ऐकू नाही आलं.

तिरिल: पाण्याजवळ वाद नाही.

मारेन: शहाणी माझी. चल, मुख्याध्यापकांना पाण्यात सोडू आणि बाकावर बसू. मोजे बदल.

गुन्वोर: हं, भांडं झालं. कशी होती कडी?

मारेन: बाहेरून उघडते. पण पायरी एक हलते आहे.

गुन्वोर: मग पायरीला विचारून निर्णय घे. उठा, आली बघ बोट. पाच मिनिटं आधीच आली, वारा मागून आहे.

मारेन: पिशवी, थर्मास, चटई, ओले मोजे. तिरिल, माझ्या डाव्या हाताला. अशी गप्प का झालीस?

तिरिल: काही नाही.

मारेन: किती वेगात येते ही. वेग कमी कधी करते?

गुन्वोर: वळताना.

मारेन: वळते कुठे?

गुन्वोर: त्या पाण्यातल्या लाल खुणेपाशी... वळली नाही का? थांब.

मारेन: गुन्वोर, ती सरळ चालली आहे.

गुन्वोर: दिसतंय मला.

मारेन: ए! थांबा! आम्ही इथे आहोत! तिरिल, हात हलव. गुन्वोर, तूही हलव ना, उभी काय राहिलीस?

तिरिल: आई, ते पण हात हलवताहेत.

मारेन: थांबा म्हणतेय मी!

गुन्वोर: ओरडू नकोस. त्यांना वाटतंय तू खूश आहेस.

तिरिल: एक आजोबा टोपी हलवताहेत. आणि त्या बाईने तिचं कुत्रं उचलून दाखवलं.

गुन्वोर: छान कुत्रं आहे.

मारेन: गेली. अख्खी बोट हात हलवत निघून गेली.

गुन्वोर: उन्हाळ्यात बोटीकडे बघून हात हलवला की समोरचा हलवणारच. त्यांचा काय दोष? पण हे झालं कसं? तिरिल, मी तुला दिवा लावायला सांगितलं होतं ना?

तिरिल: मी लावला होता.

गुन्वोर: मग?

तिरिल: मी नाही सांगणार.

गुन्वोर: का गं?

तिरिल: कोणालातरी वाईट वाटेल.

मारेन: कसला दिवा?

गुन्वोर: हा खांबावरचा. दिवा दिसला तरच बोट इथे वळते. उतरणारं कोणी असलं तर थांबते, आपण सकाळी उतरलो तशी. पण चढणारं कोणी आहे हे तिला कळणार कसं? सात वर्षं झाली तुला इथे येऊन.

मारेन: सात वर्षं मी गावच्या धक्क्यावरून बोट धरतेय. तिथे ती आपणहून थांबते. आणि बेटांवर मला तोर्युस त्याच्या होडीतून आणतो. मला कोणी सांगितलं? ... अरे देवा.

गुन्वोर: काय?

मारेन: मी बंद केला.

गुन्वोर: काय केलंस?

मारेन: दिवा. मला वाटलं, तिने उगाच खेळत लावलाय. वीज फुकट जातेय. म्हणून मी... गुन्वोर, हसू नकोस.

गुन्वोर: नाही हसत.

मारेन: तुला बसावं लागलंय हसून हसून.

गुन्वोर: गुडघे दुखतात म्हणून बसले. पावलं मोजली, कडी बघितली, पायरी हलवून बघितली, आणि बोटीला मात्र 'तू जा पुढे' म्हणालीस. तोर्युसला सांगायची परवानगी मला हवी. लेखी.

मारेन: पुढची बोट कधी?

गुन्वोर: पावणेसहा. वॉफल दोन उरलेत, कॉफी अर्धा थर्मास आहे. ह्यापेक्षा वाईट ठिकाणी लोक अडकतात.

मारेन: तिरिल, इकडे ये. तुला माहीत होतं दिवा कशासाठी आहे ते?

तिरिल: हो.

मारेन: मग मला का नाही सांगितलंस?

तिरिल: सांगत होते. तू म्हणालीस पाण्याजवळ वाद नाही.

गुन्वोर: मी जरा कॉफी ओतते. मला ह्यात ओढू नका.

मारेन: तू बरोबर होतीस आणि तरी गप्प बसलीस.

तिरिल: नियम तूच केलायस. बदलायचा असेल तर तू बदल.

मारेन: बदलते. आजपासून पाण्याजवळ वाद नाही, पण सांगायचं. ऐकलं नाही तर परत सांगायचं.

तिरिल: आणि तरी नाही ऐकलं तर?

मारेन: तिसऱ्यांदा ओरडायचं.

तिरिल: तुझ्यावर?

मारेन: माझ्यावर.

तिरिल: आत्ता एकदा करून बघू?

मारेन: आत्ता नको. ह्या खडकावर बसलेल्या पक्ष्यांवर ओरड हवं तर. माझ्या नजरेसमोर. धक्क्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडे राहून.

गुन्वोर: घे कॉफी. थरथरतेयस.

मारेन: गारठा आहे.

गुन्वोर: हो, गारठाच असणार. उन्हात बसलो आहोत आपण.

मारेन: मी सकाळीच 'नाही' लिहून ठेवलं होतं बोदिलला. फक्त पाठवलं नव्हतं.

गुन्वोर: मला माहीत होतं.

मारेन: माहीत होतं तर एवढी खडकांतून फिरलीस कशाला माझ्याबरोबर?

गुन्वोर: वॉफलसाठी. आणि तू वर्षभरात पहिल्यांदा म्हणालीस, 'गुन्वोर, चलतेस का?' नाही कशी म्हणणार होते?

मारेन: असं काय बोलतेस? आपण दर रविवारी भेटतो.

गुन्वोर: भेटतो. तुझ्या घरी, तुझ्या टेबलाशी. माझ्या घराच्या धक्क्यावरून तिरिल पाण्यात पडली त्याला मागच्या मंगळवारी वर्ष झालं. तेव्हापासून ती माझ्याकडे एकटी आलेली नाही.

मारेन: मी तुला एका शब्दाने तरी बोलले का?

गुन्वोर: नाही ना बोललीस. बोलली असतीस तर भांडलो असतो, दोन दिवस तोंडं फुगवली असती आणि मग कॉफी प्यायलो असतो. तू इतक्या गोड सबबी काढायचीस की 'हो गं, बरं गं' ह्यापलीकडे मला काही उरायचंच नाही. कान दुखतोय, झोप नाही झाली, मैत्रिणीचा वाढदिवस. एवढ्याशा पोरीला किती मैत्रिणी असाव्यात?

मारेन: कान एकदा खरंच दुखत होता.

गुन्वोर: एकदा.

मारेन: मी त्या दिवशी औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत बाटल्या लावत होते. तुझा फोन आला तेव्हा ती कोरडे कपडे घालून कोको पीत होती. सगळं होऊन गेलेलं. मी काही बघितलंच नाही गुन्वोर, म्हणून रोज डोक्यात नव्याने रचते. कधी दोरी तिच्या पायात अडकते, कधी ती धक्क्याच्या खाली जाते. आणि तुझा हात दर वेळी उशिरा पोचतो.

गुन्वोर: अस्सं.

मारेन: तुझ्यावर राग नाही माझा. पण हे तुला कसं सांगणार होते? टेबलावर कॉफी ओतता ओतता?

तिरिल: उशिरा नव्हता.

मारेन: तू पक्ष्यांवर ओरडत होतीस ना?

तिरिल: ते उडून गेले. आजीचा हात उशिरा नव्हता आला, काठी आली होती. ती आकड्याची. आधी खूप गार लागलं. मग कानात बुडबुडे. मग मी वरच होते, बुचासारखी. मी खाली जायचा प्रयत्न पण केला.

मारेन: काय केलास?

तिरिल: खाली कसं आहे ते बघायला. पण जॅकेट जाऊच देत नाही. पाणी हिरवं होतं, काकडीच्या सालीसारखं. मग आजीने काठी अडकवली आणि एक वाईट शब्द बोलली.

मारेन: कुठला शब्द?

गुन्वोर: ते राहू दे.

तिरिल: सांगू?

गुन्वोर: राहू दे म्हटलं ना.

मारेन: एवढं सगळं तू मला कधी सांगितलं नाहीस.

तिरिल: तू विचारलंच नाहीस. तू नुसती मिठी मारून बसली होतीस. खूप वेळ. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

गुन्वोर: हे घे, नाक पूस. टेबलावरचा रुमाल आहे, पण स्वच्छ आहे.

मारेन: मी रडत नाहीये.

गुन्वोर: गारठाच आहे, मी कुठे काय म्हणतेय?

तिरिल: आई, तुझा फोन वाजतोय. बोदिलचा आहे, फोटो आलाय.

मारेन: किती वाजले?

गुन्वोर: चारला दोन मिनिटं. उचल.

मारेन: हॅलो, बोदिल. हो, मीच. ... नाही, घरी कुठली, टेर्नहोल्मवरच आहोत. बोट चुकली. ... नाही नाही, दिवा लावला होता. तिरिलने लावला होता, मी बंद केला. ... हो, बंद. ... हसून घे, मी थांबते.

गुन्वोर: आता संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

तिरिल: आई, उद्याचं सांग. उद्याचं.

मारेन: बोदिल, उद्या... तुमच्यापैकी कोण पाण्याच्या बाजूला बसणार आहे? ... तू स्वतः? पूर्ण वेळ? ... बरं. आणि शौचालयाची एक पायरी हलते, वरून दुसरी. ... तुला माहीत आहे? ... मागच्या वर्षीपासून? मग दुरुस्त का नाही... बरं, ते जाऊ दे.

गुन्वोर: तिचा चहा गार होईल.

मारेन: ऐक बोदिल, तिरिल येईल. ... हो. एकटी. म्हणजे तुमच्याबरोबर. ... आणि ती काही सांगायला लागली तर तिला बोलू देशील? गडबडीत असलात तरी. घरी मी तिला गप्प बसायला शिकवलंय, ती चूक माझी आहे. ... हो, ठीक आहे. ... डबा माहीत आहे, तपकिरी चीजची भाकरी, गाजर, गोड काही नाही. ... मी पावलं मोजून ठेवली आहेत सगळीकडची, हवी तर पाठवते. ... नको? बरं. उद्या नऊला.

तिरिल: मी जाणार?

मारेन: तू जाणार.

तिरिल: आई, आता मी तुला मिठी मारू का? पण छोटी.

मारेन: छोटीच मार. मुंग्या यायच्या आत सोड. ... बास, जा. अगं, पळू नकोस. बरं, पळ, पण त्या बाजूला पळ.

गुन्वोर: बघतेय मी तिच्याकडे.

मारेन: माहीत आहे. मीही बघतेय.

गुन्वोर: चार डोळे आणि एक पोर. ह्या हिशेबाने उद्या बोदिलला चव्वेचाळीस डोळे लागतील.

मारेन: आता चिडव. जन्मभराचं साधन दिलंय मी तुला.

गुन्वोर: उद्या दिवसभर काय करशील? दुकानाला सुट्टी आहे ना तुझ्या?

मारेन: माहीत नाही. खिडक्या पुसेन. घड्याळ बघेन. सहा वर्षांत असा दिवसच आला नाही.

गुन्वोर: तोंड उन्हाकडे कर आणि झोप. आम्ही तेच करतो इथे. वर्षातून चार दिवस ऊन पडतं, त्यातले दोन तुम्ही काळजीत घालवता.

मारेन: तू कधी काळजी नाही केलीस? तोर्युस लहान असताना?

गुन्वोर: त्याचा बाप मासेमारीवर, तीन-तीन आठवडे. मी भांडी घासायची. घासून झालेलीच परत घासायची. तोर्युसला ते अजून माहीत नाही, त्याला वाटतं आईला स्वच्छतेचं वेड आहे.

मारेन: मलाही तेच वाटायचं.

गुन्वोर: वाटू दे. घराची अब्रू राहते. ... वारा पडतोय बघ. असाच राहिला तर शनिवारी सकाळी मी मासे धरायला जाणार आहे, मोठ्या खडकाच्या मागे. नावेत तिघींपुरती जागा आहे.

मारेन: दोघीच जा.

गुन्वोर: दोघी म्हणजे?

मारेन: तू आणि तिरिल.

गुन्वोर: ... आणि तू?

मारेन: मी बटाटे उकडून ठेवते.